दोन्ही तोंडं झाळलेला हीटर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि वाचून नेहमी चिडते. सगळं कसं सोयीचं असतं... अमावास्या असते, वीज गेलेली असते, आणि सांगणारा हमखास म्हणतो, 'आधी माझा विश्वास नव्हता.' मी तसं म्हणणार नाही. माझा विश्वास आजही नाही. भूत नाही, भानामती नाही, करणी नाही, आणि डाकीण तर नाहीच नाही — ही ओळ मी माझ्या हाताने पत्रकाच्या स्टेन्सिलवर कोरली आहे आणि जळगावपासून साक्रीपर्यंतच्या आठवडे बाजारांत वाटली आहे. बोदवडला आमच्या घरात देव्हारा नाही. वडील रेल्वेत फिटर, त्यामुळे पाना कसा धरायचा हे मला पोळी लाटण्याआधी आलं. भरदुपारी, उघड्या डोळ्यांनी, हातात पक्कड घेऊन जे बघितलं ते लिहितेय. लिहिताना भीती वाटत नाही. लाज वाटते.

नव्वद सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतला एक उन्हाळा. आमच्या अंधश्रद्धाविरोधी समितीचं ऑफिस जळगावला, म्हणजे एका शिवणक्लासच्या वरची खोली. मालमत्ता म्हणावी अशी एकच, लिलावात घेतलेली जुनी डिझेल जीप. ती मी चालवायचे. बाई जीप चालवते हे बघायलाच निम्मा बाजार जमायचा, आणि जमला की आम्ही पोस्टर लावायचो.

त्या वर्षी आमच्याकडे बुधीबाईचं प्रकरण होतं. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातलं एक गाव, तिथली साठीची विधवा. पुतण्याची म्हैस मेली, मग त्याच्या पोराला ताप आला, आणि बुधीबाई डाकीण ठरली. तिची कोरडवाहू जमीन पुतण्याच्या बांधाला लागून होती. हे खरं कारण गावाला पाठ होतं, पण बोलत कोणी नव्हतं. मारहाण करून तिला बाहेर काढलं. ती धुळ्याला आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरी राहायची. एकदा एसटीने परत गेली तर फाट्यावर तिला खाली उतरूच दिलं नाही.

चार महिने खेटे घातल्यावर पंच एवढ्यावर आले — मृगाच्या आधीच्या बाजारच्या दिवशी तिला घेऊन या, तुमचं काय ते सगळ्यांसमोर सांगा, गावाला पटलं तर तिने आपलं शेत पेरावं. त्या दिवशी आली नाही तर पुतण्या पेरेल. तिकडे एकदा दुसऱ्याने पेरलं की शेत गेलं समजायचं, कागद तुमच्या नावाचा असला तरी.

आणि नेमकी त्याच्या तीन आठवडे आधी जीप घाटात बसली. पाणी उकळलं, हेड गॅस्केट उडालं, इंजिन जाम. एका ट्रकने ओढत धुळ्याला आणून सोडली, आग्रा रोडवर वेडू मिस्तरीच्या गॅरेजात.

वेडू मिस्तरी पन्नाशीचा, हात सोन्याचा आणि तोंड कडू. मी त्याला नाना म्हणायचे. त्याच्या गॅरेजच्या दाराला लिंबू-मिरची असायची, आणि मी गेले की पहिलं भाषण त्या लिंबावर व्हायचं. तो शांतपणे म्हणायचा, "ताई, तू भाषन दे, मी नट खोलस. पाहू कोनं काम पहिले व्हस."

इंजिन पूर्ण खोललं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं. जुन्यातलं काय वापरायचं आणि काय भंगारात टाकायचं हे बघायला मी रोज जायचे, कारण समितीकडे नव्यासाठी पैसा नव्हता. डॅशबोर्डच्या खालून नानाने हीटर काढला तो तिथेच. हीटर म्हणजे एक पत्र्याचा डबा. आत तांब्याच्या नळ्यांची छोटी जाळी, मागे पंखा. इंजिनचं गरम पाणी जाळीतून फिरतं, पंखा ऊब आत फेकतो. खानदेशात कोण लावणार हीटर? ही जीप आधी कुठल्या तरी थंड मुलखात फिरली असणार. आमच्याकडे आली तेव्हाच तो बंद होता, म्हणून आम्ही कधी बघितलाच नव्हता.

नानाने तो उलटापालटा केला आणि थेट भंगाराच्या ढिगावर फेकला. मी जाऊन उचलला.

"का फेकला? फुटलाय?"

"नई. चांगला शे."

"मग?"

"ते आमना मुलूखमां बैलले स्वेटर. ठेव खाले."

मी ठेवला नाही. मला एक माहीत होतं आणि त्यालाही होतं — घाट चढताना हीटर उघडला की इंजिनची गरमी त्यातून बाहेर पडते. जुने ड्रायव्हर हीच युक्ती करतात. आतले घामाने मरतात, पण इंजिन वाचतं. घाटातच आमचं इंजिन गेलं होतं. फुकटचा दुसरा रेडिएटर हातात असताना तो फेकायचा? मी म्हटलं, बसवा.

तेव्हा त्याने मला हीटरच्या दोन नळ्या दाखवल्या. पाणी आत जायची एक, बाहेर यायची एक. दोन्हीत पितळी बूच ठोकून वरून शिसं वितळवून झाळलेलं होतं. जाड, पक्कं काम.

"हाई देख. इंजिनकडून पाईप काढी टाका तेव्हाच हीटर बंद व्हयना. पानीच येत नई तं तोंड झाळानं काय काम? आनि दोन्ही?"

"असेल कोणी रिकामटेकडा."

"ताई, मिस्तरी मानूस फुकटमां झाळत नई. ज्यानी हाई बंद कयं, त्यानी कायतरी देखीसनच कयं."

झालं. माझ्यातली पत्रकवाली जागी झाली. मी त्याला विचारलं, नाना, काय बघितलं असेल? हडळ? जाळीत बसली असेल? आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. मी आणखी चढले. म्हटलं, याच बुद्धीने तुमच्यासारख्यांनी तिकडे एका म्हातारीला दगड मारलेत. कारण माहीत नाही ना, मग कुणीतरी काहीतरी बघितलं असेल. वा!

नानाचा चेहरा बंद झाला. "मी कोनले दगड मारा नई," एवढंच म्हणाला. गॅस पेटवला, झाळण वितळवलं आणि दोन्ही बुचं पक्कडीने उपटून माझ्या पायाशी टाकली.

मग तपासणी. ती मी स्वतः केली, तो फक्त बघत होता. नळ्यांतून पाणी सोडलं. आधी तांबूस गाळ आला, मग स्वच्छ. एक तोंड बोटाने दाबून दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि जाळी पाण्याच्या टाकीत बुडवली. एकही बुडबुडा नाही. पंख्याची मोटर बॅटरीला लावली, गरगर फिरली. पाण्याचा कॉक जरा जड होता, तेल टाकल्यावर सुटला. फक्त रबरी पाईप तडकलेले, ते नवे घेतले. बाकी सगळं पास.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. टाकीतून काढलेली जाळी नानाने हातात घेतली आणि लगेच बाकावर ठेवली. मी हात लावला. कोमट होती. टाकीतलं पाणी गार होतं. मी म्हटलं, मे महिना आहे, पत्रा तापणारच. जाळी तांब्याची होती आणि पाच मिनिटं पाण्यात बुडलेली होती, हे मी सोडून दिलं.

इंजिन बसलं. नाना एकटा मोहाडीपर्यंत चक्कर मारून आला. कॉक उघडला तर हीटर गरम, बंद केला तर पाच मिनिटांत गार. जसं असावं तसं. "बठ्ठं बराबर शे," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

बाजारच्या दिवशी सकाळीच धुळ्याहून निघालो. गाडीत मी आणि बुधीबाई, दोघीच. बाकीचे कागद घेऊन एसटीने पुढे गेले होते. बुधीबाई खुशीत होती. ओच्यात बियाण्याची पुरचुंडी बांधली होती, सारखी चाचपत होती. मी गिअर टाकला की माझ्या हाताकडे बघायची.

"तू गाडी चालावस, नवरा नई करत, देवले नमत नई," ती म्हणाली. "आमना गावमां ऱ्हातीस तं तुले बी डाकीन म्हनतात."

"मग आपण दोघींनी मिळून म्हशी मारल्या असत्या."

ती इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला.

साक्री गेली. चढ लागला तसा मी कॉक उघडला, पंखा चालू केला. पायांवर गरम हवा आली. याचसाठी तर बसवला होता! तापमानाचा काटा जागचा हलला नाही. मी मनातल्या मनात नानाला दोन शब्द ऐकवले.

चढ संपला. कॉक बंद केला, पंखा बंद केला. हवा येतच राहिली.

असतं थोडं गरम पाणी आत, म्हणून सोडून दिलं. दोन मैल गेले. आता ती ऊब नव्हती, झळ होती, चुलीचं तोंड उघडावं तशी. आणि ती सगळीकडे जात नव्हती. माझ्या डाव्या नडगीवर, एकाच जागी. गाडी थांबवली. बॉनेट उघडलं. रेडिएटरला हात ठेवता येत होता, इंजिन अजिबात तापलेलं नव्हतं. पंख्याची वायर उपटली. पुन्हा निघाले. नडगी भाजायला लागली. इंजिनच्या बाजूने पत्र्याला कुठे भोक आहे का, सायलेन्सरची गरमी येतेय का, पुन्हा उतरून हात घालून सगळं बघितलं. काही नाही. मी दात खाऊन गाडी हाकली. उशीर होत होता.

गावाच्या अलीकडे अर्ध्या मैलावर हातपंप आहे. तिथे मला सहन होईना. गाडी झाडाखाली घेतली, इंजिन बंद केलं. पंपावर तीन बायका हंडे भरत होत्या. मी सुरी काढली आणि हीटरचे दोन्ही पाईप इंजिनच्या बाजूने कापले. जोडायचा तुकडा घालून इंजिनचं पाणी परस्पर फिरवून दिलं, कट्ट कट्ट क्लिपा आवळल्या. हीटरच्या तोंडांतून उरलेलं पाणी जमिनीवर गळालं. म्हणजे आता त्या डब्यात पाणी नाही, त्याला वीज नाही, इंजिन बंद, गाडी उभी. मी आत बसले.

पंखा फिरत होता. उपटलेल्या वायरीचं टोक मी बोटांत धरलं होतं, आणि पंखा फिरत होता. झळ नडगीवर आली आणि चर्र झालं. सलवार वर केली तर रुपयाएवढा फोड.

आणि शेजारी बुधीबाई. अनवाणी पाय हीटरच्या खाली सोडून, आरामात.

"तुम्हाला काही होत नाही?" मी विचारलं.

"माले काय व्हई? माले तं काय लागत नई."

मी तिच्या पायाकडे हात नेला. तिथली हवा साधी होती. माझ्या बाजूला आणला, बोटं पोळली. दोन्हींत एक वीत अंतर.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते मी शब्दांत मांडलेलं नव्हतं. तोंडातून मात्र बाहेर पडलं, चांगलं मोठ्याने, कारण मी घाबरले होते आणि घाबरले की मी ओरडते.

"मला भाजतंय आणि तुम्हाला काहीच नाही? बुधीबाई... तुम्ही काय करताय?"

पंपाचा आवाज थांबला.

एका बाईने अर्धा भरलेला हंडा तसाच उचलला आणि गावाच्या वाटेला लागली. बाकीच्या दोघी बघत उभ्या राहिल्या. बुधीबाईच्या चेहऱ्यावरचं मी सांगू शकत नाही. तिला धक्का बसला असता तर बरं झालं असतं. तिला ओळखीचं वाटलं.

आम्ही गावात बैठकीच्या चिंचेखाली पोचलो तोवर ते वाक्य तिथे पोचलं होतं. आमची माणसं कागद उघडून बसली होती. मी भाषणाला उभी राहिले. कारण म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, नेहमीचं. दोन मिनिटं बोलले असेन. पुतण्या उठला. तो ओरडला नाही, हसत बोलला.

"बाई, तुमनीच इचारं ना तिले पंपवर, तू काय करस म्हनीसन? आमी तं चार महिनापासून तेच इचारतस. आमनं तोंड घान, नि तुमनं गोड?"

लोक हसले. एका पंचाने मला विचारलं, हे खरं का? मी म्हटलं, गाडी बिघडली होती, त्याबद्दल होतं. तो म्हणाला, गाडी बिघडली तर मिस्तरीला विचारतात.

उन्हं कलायच्या आत बैठक मोडली. शेत पुतण्याने पेरायचं ठरलं.

मी गाडी वळवून बुधीबाईसमोर आणली. ती चढली नाही. ओच्यातली पुरचुंडी सोडली, बियाणं हातात घेऊन बघितलं, पुन्हा बांधलं.

"चला, बुधीबाई. काहीतरी मार्ग काढू."

"नको माय. तुना पाय भाजना तं माले इचारस. उद्या गाडी उलटनी तं काय इचारशी?"

रागाने म्हणाली नाही. हिशेब सांगावा तसं म्हणाली. नवापूरकडे तिची लेक होती, तिकडे पायी निघाली. आमच्यातले दोघे तिच्यासोबत गेले. मी सोबत येऊ का विचारलं तर तिने फक्त नकाराची मान हलवली.

धुळ्याला मी एकटी परतले. इंजिनचे पाईप परस्पर जोडलेले, पंख्याची वायर गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात. पहिला मैलभर काहीही नाही. गार. मी मनात म्हटलं... बघ, ती उतरली आणि —

तो विचार मी पूर्ण केला. इतकी पत्रकं वाटून, इतकी भाषणं ठोकून, त्या दुपारी गाडीत मी तो विचार शेवटपर्यंत केला.

फाट्याशी पंखा सुरू झाला. या वेळी दोन्ही पायांवर. साक्रीत थांबले, पाय ओले केले, पुन्हा बसले, पुन्हा तेच. बाजूची सीट रिकामी होती. धुळ्यापर्यंत रिकामीच होती.

नाना गॅरेज बंद करत होता. मी गाडी लावली आणि उतरले, त्याने माझ्या नडग्या बघितल्या. स्वतः आत बसला, गाडी आग्रा रोडवर घेऊन गेला, अर्ध्या तासाने आला. हीटरवर तळहात ठेवून म्हणाला, "थंडा शे." मग त्याने डबा काढला. बाकाच्या फडताळातून तीच दोन पितळी बुचं काढली. त्याने ती उचलून ठेवली होती. ती ठोकली, गॅस पेटवला आणि दोन्ही तोंडं पुन्हा झाळली. माझ्या आयुष्यात कोणी मला न सुनावता इतकं सुनावलेलं नाही.

आता खुलासे. गरम हवा पत्र्याच्या फटीतून? बघितलं. सायलेन्सर? बघितला. वाऱ्याने पंखा फिरला? गाडी उभी होती, झाडाचं पान हलत नव्हतं. मनाचे खेळ? फोडाचे व्रण आहेत, या, दाखवते. दीपनगरच्या वीज केंद्रातल्या एका इंजिनिअरला जाळी दाखवली, तो म्हणाला, उत्तम अवस्थेत आहे, परत वापरता येईल. बोदवडला माझ्या खाटेखाली ती अजून आहे, तोंडं झाळलेली. दर मे महिन्यात हात लावून बघते. गार असते.

समितीचा अहवाल मीच लिहिला होता. 'ग्रामस्थांच्या अंधश्रद्धेमुळे समेट फिसकटला,' असं त्यात आहे. हातपंपाचा उल्लेख नाही. बुधीबाई लेकीकडेच राहिली, तिच्या शेतात आजही पुतण्याच पेरतो.

मला अजून कारण सापडलेलं नाही. वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा. फक्त एक विनंती... 'ती बाई उतरल्यावर' अशी सुरुवात करू नका. तिथून सुरुवात मी करून बघितली आहे.